मातीचा लेप

सोमवार, ९ डिसेंबर
जळाली! ज्योत लावली आणि फळी भडकन पेटली. माझाच लेप दिलेली, महिनाभर प्रयोगशाळेच्या मांडणीवर ठेवलेली. चिकणमाती, अंड्याच्या टरफलांची पूड, दुधातलं प्रथिन — आच लागली की लेप फुगतो आणि आतलं लाकूड वाचतं. ताजी फळी वाचतेही. मग हिला काय धाड भरली?

आणि दादाने हाच लेप दिलेल्या हलक्या फळ्यांची खोली गच्चीवर बांधलीय. माझी भाची तिथे झोपते. भिंतीला लागून हीटर. "तू म्हणालीस ना चालेल? मग चालेल!" — इतका विश्वास!

मंगळवार, १०
दुसरीही जळाली.

गुरुवार, १२
दादाला फोन केला. म्हटलं, काही दिवस खाली झोपा, माझं ऐक. तो हसला. "शास्त्रज्ञबाई, आता घाबरवतेस होय? पिल्लूला त्या खोलीशिवाय झोप लागत नाही." मी चिडले, ओरडले, शेवटी रडलेच. मग म्हणाला, "बरं, बघतो." त्याचं 'बघतो' मी लहानपणापासून ओळखते. काही होणार नाही.

डबा रोज तसाच परत येतो. काही झालं तर वहिनीला तोंड कसं दाखवू? तोंडाचं जाऊ दे — ते पोर!

शनिवार, १४
आमचे साहेब म्हणतात, "लेप जुना झाला की मरतो. नाद सोडा आता." किती सहज म्हणाले! त्यांची भाची नाही झोपत तिथे.

सोमवार, १६
सापडलं!! आज लवकर पोचले, तर सफाईच्या मावशी मांडणीवरच्या फळ्या ओल्या फडक्याने खसाखसा पुसतायत. "ताई, रोज पांढरं पीठ सुटतं यावर. बरं दिसतं का ते?" मी पाटी लावली होती — हात लावू नये. मावशींनी हात लावलाच नव्हता, फडकं लावलं होतं! पाण्याने लेप धुऊन जातो, हे त्यांना कोण सांगणार? आम्ही कुणी सांगितलंच नाही.

कपाटामागे एक फळी पडली होती, तितकीच जुनी. मावशींचा हात तिथे पोचत नाही. तिला ज्योत लावली. लेप फुगला, काळा पडला, आणि आतलं लाकूड जसंच्या तसं! लेप जुना होऊन मरत नाही. मी मावशींना मिठी मारली. "अहो, फडकं ओलं आहे माझं!" म्हणून त्या ओरडल्या. किती दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, १७
आनंदाची बातमी द्यायला दादाकडे गेले. जिना चढून थेट गच्चीवर. पिल्लू झोपली होती, वहिनी भिंत पुसत होती. ओल्या फडक्याने.

"ये गं. पांढरं पीठ सुटतं मेलं. हिच्या तोंडात जायला नको, म्हणून राहायला आल्यापासून रोज पुसते."

हीटर चालू होता.