पॅकेटावरचा माणूस माझा मालक नव्हे

मी, गोजरबाई कचरू पडूळ, वय साठीच्या आसपास, धंदा शेती, राहणार केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, माझे मृत्युपत्र तोंडी सांगते आहे आणि बद्रीनाथ गुरुजी ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. गेल्या महिन्यात टीव्हीने मला विधवा केले; परंतु माझे मालक कचरू रामराव पडूळ हयात असून आत्ता समोर ओट्यावर सुपारी कातरत बसले आहेत, याची नोंद सर्वांत आधी व्हावी. गुरुजी म्हणतात, मृत्युपत्रात असं लिहीत नसतात. लिहा म्हटलं.

कलम १. घर. राहते घर माझ्या वडिलांनी मला दिले, ते माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते मालकांचे. ते असेपर्यंत त्यांना तिथून कोणी उठवू नये. त्यांच्यानंतर घर कोणाचे, त्याला अट आहे. ती कलम ४ मध्ये सांगते, कारण अट कळायला आधी पॅकेट कळले पाहिजे.

कलम २. फेटा. एकोणनव्वद साली जालन्याहून बियाण्याच्या एका कंपनीचे लोक आमच्या कापसात फोटो काढायला आले. पॅकेटावर छापायला त्यांना शेतकरी जोडपे हवे होते. मला उभे केले. मालकांकडे बघून फोटोवाला म्हणाला, "हे फार वाळके दिसतात, जोडी शोभत नाही." मग त्यांच्या जीपचा ड्रायव्हर, संपत गव्हाड, अंगाने भरलेला, झुपकेदार मिशीचा, त्याला माझ्या शेजारी उभे केले. त्याचे डोके बोडके होते. आमच्या मालकांनी आपला गुलाबी फेटा सोडला आणि स्वतःच्या हाताने त्याला बांधून दिला. पाहुण्याला आपल्या शेतात बोडके उभे करायचे नसते, तेवढेच त्यांना कळले. जीप गेली, तिच्यासोबत फेटाही गेला.

पुढच्या हंगामात दुकानादुकानात मी आणि संपत. गावोगावच्या भिंतींवर आम्हीच रंगवलेले. संपतने ड्रायव्हरकी सोडली. फेटा बांधून मेळाव्यांत भाषणे करू लागला, टीव्हीवर फवारणीचा सल्ला देऊ लागला. ज्याला तूर आणि अंबाडी वेगळी ओळखता येत नव्हती, तो आदर्श शेतकरी झाला. मी बाजाराला गेले की बाया विचारत, "मालक न्हाई आले का?" आणि माझे मालक पिशवी धरून शेजारीच उभे असत. तेव्हापासून त्यांनी एकदाही फोटो काढू दिला नाही. लेकीच्या लग्नात कॅमेरा दिसला की उठून बैलांकडे जात.

कलम ३. टीव्हीवरची बातमी. यात कोणाला वाटून द्यायचे काही नाही, पण लिहून ठेवायचे आहे. गेल्या महिन्यात संपत वारला. आम्ही जेवत होतो. टीव्हीवर पॅकेट आले, माझ्या तोंडाभोवती लाल गोल आला, खाली लिहिले, पत्नी गोजरबाई. त्यानंतर आमचा मुलगा देवानंद दिसला, जुन्या जालन्यातल्या त्याच्या दुकानापुढे उभा, पांढरा शर्ट घालून. म्हणाला, "आमचे वडील गेले. त्यांनी मला मातीवर प्रेम करायला शिकवलं." आणि रडला. पोटच्या पोराने जिवंत बापाला सगळ्या महाराष्ट्रासमोर पुसून टाकले.

मालक घास हातात धरून बघत होते. बातमी संपल्यावर म्हणाले, "पोरगं बराबर बोललं. रडलं बी. मी गेल्यावर एवढं रडंल का गं?"

दुसऱ्या दिवशी माझी मावसबहीण झुंबरबाई टीव्ही बघून रस्त्यापासूनच गळा काढत आली. मालक दारात गेले. "कोण गेलं, झुंबरबाई?" त्यांना बघून ती खालीच बसली. म्हणाली, "मंग मी कोणासाठी रडून राह्यले, दाजी?"

कलम ४. देवानंद. त्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, "आई, माइक तोंडापुढं आला. वडिलांबद्दल सांगा म्हणले. शहरात समदे मला त्यांचाच पोरगा समजतात, दुकान त्याच नावावर चालून राह्यलं. तिथं न्हाई कसं म्हणू?" त्याचे पाट्या आणि फ्लेक्स छापायचे दुकान आहे, नाव 'पॅकेटवाले'. साऱ्या जालन्याची नावे तो छापतो.

म्हणून अट अशी. त्याने दुकानाच्या पाटीवर 'देवानंद कचरू पडूळ' असे ठळक अक्षरांत छापावे आणि दुकानात आपल्या बापाचा फोटो लावावा, बाप जिवंत असताना, हार न घालता. तसे केले तर मालकांनंतर घर त्याचे. न केले तर घर माझ्या मुलीचे, शिवकन्येचे. त्याला माझा शाप नाही. पण अट कोणीही रडून-भेकून मोडू नये, मालकांनीसुद्धा. ते लगेच विरघळतात.

कलम ५. परत आलेली वस्तू. दहावा झाल्यावर संपतची बायको साळूबाई एसटीने आमच्याकडे आली. तिला मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणाली, "मयतीला आलेल्या बाया मलाच विचारत होत्या, त्यांची बायको कुठंय? मी त्यांच्या उशाला बसलेली होते, बाई." मी तिला जवळ घेतले. तिने पिशवीतून गुलाबी फेटा काढला आणि मालकांपुढे ठेवला. "तुमचा हाय म्हणायचे ते. शेवटपर्यंत म्हणायचे." फेटा मालकांचा आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

मालकांनी तो तिच्यासमोरच बांधला आणि मला म्हणाले, "चल भोकरदनला, फोटो काढू." तो फोटो या कागदाला डकवला आहे. डावीकडची मी. उजवीकडचे वाळके, ते माझे मालक.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्याच तोंडचे आहे.

केदारखेडा, दिनांक १९ नोव्हेंबर २००७
सही: गोजरबाई कचरू पडूळ

साक्षीदार:
बद्रीनाथ ठोंबरे, निवृत्त शिक्षक, केदारखेडा. सही.
साळूबाई संपत गव्हाड, जालना. पॅकेटावरच्या माणसाची बायको. डाव्या हाताचा अंगठा.