बारा काटे, चौऱ्याऐंशीचा शिक्का

२६ जानेवारी, रविवार

काटा पर्समध्ये आहे. मालगुंडपासून रत्नागिरीपर्यंत तीनदा चाचपून पाहिला.

बाराही मागितले होते. बाबांनी डब्यातून स्वतः निवडून एकच काढला, रुमालात गुंडाळला. "एकच ने. बारा घेऊन निघालीस तर म्हणतील, नात पण..." पुढचं बोललेच नाहीत. आमच्या घरात हे वाक्य कोणी पुरं करत नाही.

गावात करतात! विठू खलाशी फ्रेंच बोटीवर साहेबांचं टेबल मांडायचा आणि बासष्ट साली घरी आला तो कप्तानाचे चांदीचे काटे चोरून. विठू खलाशी म्हणजे माझे अप्पा, बाबांचे वडील. ते यावर कधी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तेव्हापासून शिमग्यात देवीची पालखी आमच्या घरी सगळ्यात शेवटी येते. वाडी संपल्यावर, ढोलवाल्यांचे हात दुखायला लागल्यावर. आई ओटीचं ताट घेऊन दुपारपासून उभी असते.

यंदा देवीचं रुपं, म्हणजे पालखीत लावतात तो चांदीचा मुखवटा, नवं करायचं आहे. घराघरातून चांदी गोळा होतेय. बाबांनी काटे देऊ केले. मानकरी हरिहरतात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "चोरीची चांदी देवीच्या तोंडाला? नाय हो."

मी हॉलमार्क केंद्रात नोकरी करते. दिवसभर लोकांच्या दागिन्यांवरचे शिक्के तपासते. अप्पांचा एक काटा मला वाचता येणार नाही?

२८ जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत केंद्र चालवणाऱ्या शार्दूल सरांना विचारून काटा तपासणीच्या मशीनखाली धरला. चांदी ९१ टक्के! सर खूश. "माल खरा आहे गं."

मग भिंग. दांड्यावर दोन शिक्के. एक शंकरपाळीच्या आकाराचा, आत दोन अक्षरं आणि मध्ये नांगर. शेजारी आकडा, ८४.

"चौऱ्याऐंशी टंच, म्हणजे शेकडा चौऱ्याऐंशी चांदी," सर म्हणाले. "मशीन जरा जास्त दाखवतं. दाखला करून टाकू."

फ्रेंच शिक्क्यांचे जुने तक्ते शोधून वाचले. अस्सल चांदीवर कारागिराचा शिक्का शंकरपाळीतच असतो. तो आहे! सोबत शिरस्त्राण घातलेल्या बाईचं डोकंही हवं. ते दिसत नाही. झिजलं असेल.

आणखी एक. फ्रेंच लोक टेबलावर काटा पालथा ठेवतात, म्हणून घराण्याची अक्षरं मागच्या बाजूला कोरलेली असतात. बोटीचा काटा असेल तर कंपनीचं नाव. अप्पांच्या काट्याची पाठ कोरी आहे. कोणाचंच नाव नाही!

हा पुरावा नव्हे. अंदाज आहे. पण आजवर गावाने जे चालवलं तेही अंदाजावरच ना?

बाबांना फोन करून शंकरपाळीचं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "नक्की?"

मी नक्की म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. तात्या स्वतः घरी आले होते. चहा घेतला! आमच्या कपातून! गावातल्या सराफालाही एक काटा दाखवला, तोही चौऱ्याऐंशी टंच म्हणाला. आणि मुखवट्याला चांदी कमी पडतेय. तात्यांचे शब्द: "देवीला कोणाचं काय वावडं असतं? यंदा पालखी रांगेत येईल तुमच्याकडं."

आठवड्यापूर्वी चालत नव्हतं, आता चालतं. चोरीबद्दल एक शब्द नाही. राग आला. पण आई फोनवर हसत होती. मग मीही हसले.

५ फेब्रुवारी

शिरस्त्राणवाल्या बाईचं ते डोकं कुठेच नाही. काटा दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवला. फ्रेंच चांदीला दोनच प्रती, हजारात ९५० आणि हजारात ८००. चौऱ्याऐंशी टंच कुठून आलं?

९ फेब्रुवारी, रविवार

घरी आले. उरलेले अकरा काटे पडवीत उन्हात मांडले.

अकरांवरही तीच अक्षरं, तोच नांगर. आकार मात्र शंकरपाळीचा नाही. चौकोन. सरळ उभा, स्वच्छ चौकोन.

मग माझा काटा घेतला. वहीचा कोपरा शिक्क्याच्या कोपऱ्याशी धरून पाहिला. काटकोन. चारही. ठोकणाऱ्याचा हात तिरका पडला होता, एवढंच. मला शंकरपाळी हवी होती म्हणून मला ती दिसली.

चौकोन म्हणजे मुलामा. गिऱ्हाईक फसू नये म्हणून त्यांच्या कायद्यानेच मुलाम्याच्या मालाला चौकोन दिलाय. आणि ८४ म्हणजे डझनभर चमचे आणि डझनभर काटे, सगळ्यांवर मिळून चढवलेली चांदी. ग्रॅममध्ये. टंच वगैरे काही नाही.

एका काट्याच्या दांड्याला, अगदी टोकाला, कानसीने घासल्याची जुनी खूण आहे. आत पिवळं. पितळ.

"हे कोणी घासलं, बाबा?"

"काय म्हायती," म्हणाले आणि माडांना पाणी लावायला निघून गेले. पाणी सकाळीच लावून झालं होतं.

संध्याकाळी जेवताना सांगितलं. बाबांनी हात थांबवला. "कोणाला कळतंय? एकदा आटणीत गेलं की गेलं."

"देवीच्या तोंडात पितळ जाईल."

"साठ वर्सं शेवटची पालखी घेतलीय आमी! एक वर्ष रांगेत आली असती. तुझ्या त्या चौकोनापायी..."

आईने भात वाढला. "मी सहीच्या जागी अंगठा उठवते, तिला बारीक अक्षरं वाचायला आपणच पाठवलं," ती म्हणाली. "आता वाचलंन तर रागावायचं कसं?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी दाखला छापून टेबलावर ठेवला होता. तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी.

"सर, हे चुकलंय."

"मशीन चुकलं? आणि तू बरोबर?"

"मशीनला वरचा थर दिसतो, सर." काट्याचं झिजलेलं टोक मशीनखाली धरलं. तांबं, जस्त, जरा चांदी. सरांनी पडदा आपल्याकडे वळवून आकडे वाचले.

"देवाचं काम आहे गं. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय ना, सर."

सही केली नाही. सर दिवसभर बोलले नाहीत. नोकरी जाईल का? गेली तर भाडं कसं भरायचं? सही मात्र नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

देवळात बैठक. बायका मागे बसतात, बोलत नाहीत. मी उभी राहिले. खांबाला धरून.

सगळं सांगितलं. चौकोन, ८४, मुलामा, पितळ. आधी मीच शंकरपाळी म्हणाले होते, ती माझी चूक, हेही सांगितलं.

मग तात्या मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे चोरलान तो पण खोटाच माल! अरे विठ्या!" सगळं देऊळ हसलं. कोणीतरी मागून ओरडलं, "पितळ्या चोर!"

बाबा जमिनीकडे बघत होते.

"चोरला हे कोणी पाहिलंय?" माझा आवाज फाटला, फाटू दे. "तात्या, तुम्ही पाहिलंत? काट्यावर ना बोटीचं नाव, ना कप्तानाचं. सराफाला पितळ कळलं नाही, तुम्हाला चोर बरा कळला!"

"खाली बस गो. शिकलीस म्हणून काय डोक्यावर बसशील?"

"बसते. पण खोटी चांदी आमच्या घरातून देवीला जाणार नाही. पालखी शेवटी आणायची तर शेवटी आणा. आम्ही जागे असू."

बाबा माझ्याआधी उठून निघून गेले. वाटेत एकटीच. रडले नाही. खरं तर थोडी रडले.

२४ फेब्रुवारी

नोकरी आहे. सर म्हणाले, "यापुढे परदेशी माल तुझ्याकडेच." टोमणा की काय, कळलं नाही. बाबांचा फोन नाही.

१६ मार्च, रविवार

पालखी काल आली. शेवटी. आईने ओटी भरली. मी बाबांच्या शेजारी उभी होते, ते सरकले नाहीत.

१७ मार्च, सोमवार

सकाळी एस.टी.ची वाट बघताना बाबा आपणहून बोलले. अप्पांनी ते काटे मार्सेलिसच्या बाजारात पगारातून विकत घेतले होते. चांदीचे समजून. दुकानदार ८४ वर बोट ठेवून खुणावत होता म्हणे. मुंबईत उतरल्यावर सराफाने एका काट्याला कानस लावून आतलं पितळ दाखवलं. गावात चोर म्हणायला लागले, तेव्हा अप्पा आजीला म्हणाले, "म्हणूंदेत. फसलो हे कळलं तर जन्मभर हसतील."

बाबांना सगळं ठाऊक होतं. कानसीची खूण नसलेला काटा त्यांनी म्हणूनच निवडून दिला. "वाटलं, देवी सांभाळून घेईल."

अप्पांनी मरेपर्यंत जे झाकलं, ते मी देवळात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि लोक हसले. आता अप्पा चोर नव्हते हे सांगायचं, तर ते फसले हेही सांगावं लागणार.

एस.टी. आली. मी चढले नाही. तात्यांच्या घराकडे निघाले. मागे चपलांचा आवाज आला. बाबा.

हसूंदेत.