सासऱ्यांच्या गिअरबॉक्सचं प्रेशर

३ मार्च, सकाळ
सासरेबुवा गॅरेजमधून निवृत्त होताहेत. किल्ल्या मला की साडूला, एवढाच प्रश्न. खरं तर प्रश्नच नाही. साडू स्कॅनर लावल्याशिवाय बॉनेटसुद्धा उघडत नाही. मला उपजत कान आहे.
आज सासरेबुवांनी स्वतःची ऑटोमॅटिक गाडी माझ्या हवाली केली. गिअर बदलला की मागून लाथ बसल्यासारखा धक्का. म्हणाले, जावईबापू, तुम्हीच बघा. ‘तुम्हीच’मध्ये सगळं आलं.
संकल्प : जेवणाच्या आत निकाल.

३ मार्च, संध्याकाळ
जेवण झालं. दोष ऑइलचा होता. बदललं. धक्का तसाच. नवं ऑइल रुळायला वेळ घेतं.

४ मार्च
रुळलं नाही. साडू म्हणाला, प्रेशर गेज लावून बघ. त्याचं मन मोडवेना म्हणून लावलं. गाडी जागच्या जागी, इंजिन नुसतं गुरगुरतंय, आणि काटा थेट शेवटच्या आकड्यावर. गेज बिघडलंय.

५ मार्च
नवं गेज आणलं. तेही बिघडलेलं. हल्ली मालच तसा येतो.
ही म्हणाली, वायरी बघितल्या का? लहानपणी गॅरेजमध्ये खेळली म्हणून शिकवायला निघाली. म्हटलं, आजार दाबाचा आहे, विजेचा नाही. उठून आत गेली. पटलं असावं.

६ मार्च
निदान पक्कं. दाब कमी-जास्त करणारा सोलेनॉइड गेलाय. खालचं पॅन उघडून नवा बसवला. धक्का आणखी जोरदार वाटतो. म्हणजे हात योग्य जागी पडला.

८ मार्च
आता अख्खा गिअरबॉक्सच उतरवला. वरचा वायरचा प्लग सोडवायची कटकट असते, तो आधीच सुटलेला निघाला. नशीब साथ देतंय.
ऑइलच्या वाटा असलेली व्हॉल्व्ह बॉडी उघडताना आतल्या पोलादी गोळ्या घरंगळल्या. सापडल्या तेवढ्या परत बसवल्या.

१० मार्च
बॉक्स जोडला. गाडी आता पुढे जात नाही, मागेही नाही. धक्का मात्र पूर्ण गेला. मूळ तक्रार तीच होती.
सासरेबुवांच्या केबिनमध्ये माझी खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवलं. खिडकीकडे पाठ.

१२ मार्च
सासरेबुवा आले. लोंबणारा प्लग हातात घेतला. म्हणाले, बिघाड नव्हताच. प्लग मुद्दाम काढला होता. वीज तुटली की बॉक्स दाब पूर्ण चढवतो, म्हणून धक्का. गेज पहिल्याच दिवशी खरं बोललं, जावईबापू. साडूची हीच परीक्षा गेल्या महिन्यात झाली, त्याचा चहासुद्धा गार झाला नाही. किल्ल्या त्याच्याकडे गेल्या.
घरी येऊन म्हटलं, तुझे बाबा दुष्ट आहेत. पोटच्या पोरीच्या नवऱ्याला असा सापळा लावतात.
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, बाबांना नावं ठेवू नका. ते तर डोळे मिटून किल्ल्या तुम्हालाच देणार होते. मीच म्हटलं, आधी दोघांची परीक्षा घ्या. प्लगही मीच काढला.
रडू आलं. लपवलं नाही, लपवून कुणाला काय फरक पडणार होता.
ती म्हणाली, सोमवारपासून गाड्या धुवायला जा. भाऊजी नाही म्हणत होते, मी हातापाया पडून तयार केलंय.