मोहाखाली यंत्रमानव

चंद्रपूर, १६ मार्च २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. गावात टॉवर नाही, म्हणून हे पत्र आणि पिशवी आपल्या बसच्या कंडक्टरभाऊंच्या हाती देते आहे.

पिशवीत छोटा स्पीकर आहे. त्यात मी स्टुडिओत वाचून रेकॉर्ड केलेलं ते सात मजली उंच यंत्रमानवांचं पुस्तक भरलं आहे. माझं पहिलं काम म्हणून तू गावभर पेढे वाटलेस, पण खरं सांगू? गोष्ट अगदी फुसकी निघाली. यंत्रमानव लढायचं सोडून उभ्या उभ्या विचार करत राहतात. ऐकणारे लिहितात, झोप येते. मला रडू आलं.

तरी पाठवते. मुखरूभाऊंची गाय वाघाने नेली हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मोहफुलं वेचताना तुम्ही वाकलेल्या असता आणि वाकलेलं माणूस त्याला जनावरच वाटतं. माणसाचा आवाज चालू असला की तो लांब राहतो, असं तूच सांगायचीस. जाऊ नकोस म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. निदान माझा आवाज तरी सोबत असू दे.

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नकोस.
तुझी,
संघप्रिया

पळसटोला, ता. नागभीड, २२ मार्च

चि. संघप्रियाला अनेक आशीर्वाद व जयभीम.

स्पीकर मोहाच्या फांदीला टांगला. तुझा आवाज रानात घुमला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची निशा, रोशनीची सासू आणि मी, तिघी मान खाली घालून वेचत ऐकत होतो. आपली पोरगी वाचते आहे, मध्ये कोण बोलणार?

तुझ्यापासून लपवत नाही. निघताना निशाला नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाच्या पंजांचे ठसे दिसले. येताना ते नव्हते. म्हणजे तुझा यंत्रमानव बोलत असतानाच तो येऊन गेला. दरवर्षी आम्ही एकमेकींना हाका मारत वेचतो. यंदा स्पीकर बोलतो म्हणून आम्ही गप्प, आणि एकाच जागेवरचा तो आवाज खऱ्या माणसाचा नाही, हे वाघाने ओळखलं असावं. तुझे बाबा जाऊ नको म्हणतात. पण फुलं कोणासाठी थांबतात?

काळजी करू नकोस, पोटभर जेवत जा.
तुझी आई, अंजना

चंद्रपूर, २७ मार्च

ती. आईस,
सविनय जयभीम. तुझं पत्र मिळालं. पेपर उघडते तेव्हा आपल्या तालुक्याचं नाव दिसू नये म्हणून आधी डोळे मिटते. हात जोडते, तो स्पीकर घरी ठेव.

सध्या मी डाकूंचं पुस्तक वाचते आहे. त्यात आरडाओरडा आहे, बंदुका आहेत, आणि गोष्ट अशी रंगते की ऐकणारा श्वास रोखून धरतो. तेच रानासाठी पाठवते. ते येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकू नकोस, माझी शपथ आहे.

लगेच दोन ओळी लिही, वाट पाहते.
तुझी,
संघप्रिया

पळसटोला, ४ एप्रिल

चि. संघप्रियाला अनेक आशीर्वाद व जयभीम.

आधी हे वाच. मी घरी आहे, धडधाकट आहे.

तुझी शपथ मोडली. काल निशा आली, म्हणाली पुढे काय होतं ते ऐकायचं आहे, आणि आम्ही तिघी स्पीकर घेऊन निघालो. मोठा यंत्रमानव पेटलेलं गाव बघत पुन्हा विचार करत उभा राहिला, तेव्हा निशाचा संयम सुटला. टोपली आपटून ती ओरडली, “गाव जळून राह्यलं अन् हा नुसता उभा! याले बनवलं काऊन मंग?” रोशनीची सासू त्याची बाजू घेऊ लागली, बिचाऱ्याचं तेल संपलं असेल म्हणे. मग मीही तोंड घातलं. अशी जुंपली की रान दणाणलं.

तेवढ्यात बांबूच्या बेटामागून वाघ उठला. टोपली फेकली असती तर लागली असती, इतका जवळ. कधीचा दबा धरून होता कोण जाणे. आमच्याकडे पाहिलं, कंटाळल्यासारखी पाठ फिरवली आणि नाल्यात उतरला. आम्ही गप्प असतो तर हे पत्र तुझ्या बाबांनी लिहिलं असतं.

त्या बाजूला आता जाणार नाही, हे मात्र नक्की. गावालगतच्या मोहाखालीच वेचू, आणि यंत्रमानवांना पोटभर शिव्या देऊ. अजून बरेच भाग उरले आहेत.

डाकूंचं पुस्तक रानासाठी पाठवू नकोस, बाई. ते चांगलं आहे म्हणतेस. आम्ही गप्प बसून ऐकू. जयंतीला येशील तेव्हा घरात, दार लावून ऐकव.

तुझी वाट पाहणारी,
आई