गुलाबी पाण्याचा गुण

दिवेआगर, ६ जानेवारी १९५८

नवे डॉक्टर येऊन आठवडा झाला. आज औषधाच्या किती बाटल्या गेल्या? दोन! जुने डॉक्टर होते तेव्हा रोजच्या चाळीस भरून माझे हात दुखायचे. हे नवे मुंबईला मनाच्या आजारांच्या इस्पितळात होते म्हणे. नाडी बघतात, छाती बघतात, मग खुर्चीवर रेलून म्हणतात, "बोला." पाऊण पाऊण तास बोलणंच. पेशंट बाहेर येतो तो रिकाम्या हातानं. लोक मला विचारतात, "भाऊ, औषध?" काय देऊ, डोंबल?

९ जाने.

गोमा आला. सुपाऱ्या उतरवणारा गडी, आमच्याकडचा सगळ्यात पटाईत. या पोफळीवरून त्या पोफळीवर झोका घेत जातो, मध्ये जमिनीला पाय नाही. ऐन हंगामात पायच थांबलेत. "चार हात चडतो नि थांबतो, कंपाउंडर. पाय ऐकतच न्हाय." पडला नाही, लचकला नाही. डॉ.नी आत घेतलं. आमच्या मधल्या फळीला फट आहे, मी पलीकडे औषधं लावत होतो, कान काय कापून ठेवू?

डॉ.: "चार हातांवर काय होतं?" गोमा खुर्ची करकरवत बसला. डॉ.ना घाई नाही. घाम मला फुटला.

पुन्हा रिकाम्या हातानं! राहवलं नाही. मागल्या दारी गाठून गुलाबी पाणी दिलं. सोडा, पेपरमिंट, रंगाचा थेंब. बाटलीला खाचांची पट्टी, दिवसातून तीनदा. उपाय नाही, अपायही नाही.

१६ जाने.

गोमा तिसऱ्यांदा. आत रडला. एवढा बाप्या! बापानं आठव्या वर्षी झाडावर घातला, चडशील का म्हणून कुणी इचारलाच न्हाय, म्हणाला.

डॉ.: "आता मी विचारतो. चढायचंय का?"

"म्हंजे न चडलं तरी चालतं?"

"ते तुम्ही ठरवायचं. पुढचं निस्तरायचंही तुम्हीच."

ऐन हंगामात गड्याला असं विचारतात? सुपारीचे वाडीवाले दवाखान्यावर चाल करून येतील.

२१ जाने.

गोमा चढला! सहा झाडं एका दमात. वरून मला हाक, "कंपाउंडर, तुमची सासुरवाडी दिसते का बगतो!" सगळी वाडी खो खो हसली. मेला.

डॉ.ना सांगून टाकलं, गुण गुलाबी पाण्याचा. चिडतील वाटलं. हसले. "असेलही. अडलेल्याला कशाचाही आधार होतो, मी कशालाच नाही म्हणत नाही. तुम्ही घेतलंत का कधी?"

मी: "मला काय धाड भरलीय?"

डॉ.: "सासुरवाडीचं काय ते?"

२२ जाने.

लिहूनच ठेवतो. सुमती, माझी बायको, हरिहरेश्वरला माहेरी गेली त्याला शिमग्याला तीन वर्षं होतील. भांडण नाही. तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मी म्हटलं, "बघू." दोन वर्षं बघू म्हटलं. एक दिवस तिनं ट्रंक भरली. "तुमचं ठरलं की न्यायला या."

आता बोलावणं आल्याशिवाय जावई सासुरवाडीला जातो? न्यायला आल्याशिवाय लेक सासरी येते? दोन्हीकडे रीत सांभाळली जात्येय. तीन वर्षं.

गु. पा. घेतलं. तीन डोस.

२५ जाने.

गु. पा.चा काडीचा गुण नाही. येणार कसा? मीच कालवलेलं. सगळ्या पंचक्रोशीत ते ज्याला लागू पडणार नाही असा एकच माणूस, आणि तो मी!

२७ जाने.

दुपारी दवाखाना मिटल्यावर डॉ.समोर खुर्चीत बसलो. आधी फळीच्या फटीत कापूस कोंबला.

दहा मिनिटं आयोडीनच्या साठ्याबद्दल बोललो. डॉ.: "मग?" शेवटी म्हटलं, अजून बोलावणं नाही आलं.

"आणि आलं तर?"

आलं तर जावं लागेल. गेलो तर उत्तर द्यावं लागेल. म्हणजे बोलावणं येत नाही ते माझ्या पथ्यावरच...

डॉ.: "तुम्ही अडकलाय की थांबलाय?"

असा राग आला! चहा न घेता उठलो.

३ फेब्रु.

पुन्हा गेलो होतो. डॉ.नी काम लावलंय. रोज एस.टी.च्या थांब्यावर जायचं, श्रीवर्धनची गाडी, पुढे हरिहरेश्वरला जाते ती, सुटताना बघायची, परत यायचं. चढायचं नाही, ही सक्ती. चौथा दिवस. कंडक्टर म्हणाला, "कोणाला पोचवायला, भाऊ?" म्हटलं, कोणाला नाही. "मग आणायला?" सगळे टपलेतच.

१२ फेब्रु.

आज खरं निघालं. ती शिकेल, पगार आणील, मग माझ्यापाशी कशाला राहील? ही भीती होती. आधी नव्हतं ठाऊक, बोललो तेव्हा कळलं. मीच म्हटलं, "आत्ता तरी कुठे राहत्येय?" दोघं हसलो. मग मला हसू आवरेना, मग डोळे आवरेनात. बरं, फटीत कापूस होता.

१६ फेब्रु., रविवार, हरिहरेश्वर

सासूबाईंच्या ओटीवर लिहितोय. बोलावणं नसताना आलो. थांब्यावर गोमा होता, म्हणाला, "चार हातांवर पाय थरथरतील, खाली बगू नका." थरथरले.

सासूबाई: "अगंबाई! जावईबापू, न कळवता?" आणि तोंडाला पदर.

सुमती बाहेर आली. बारीक झाल्येय. बालवाडीत शिकवते. "कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. आपण होऊन आलो. ठरलं माझं. तू ट्रेनिंगला जा."

"ते मी ठरवलं कधीच. जूनपासून अलिबाग. पत्रही आलंय."

घ्या! तीन वर्षांनी एक गोष्ट ठरवून आणली, ती इथे आधीच ठरलेली. म्हणजे माझं ठरवायचं शिल्लकच. कोणी विचारलं नव्हतं. मीच म्हटलं, "मग मी येऊ का अलिबागला, तुझ्याबरोबर? कंपाउंडर कुठेही लागतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बघू."

तेव्हापासून बसलोय. परतीची चारची गाडी गेली, भोंगा ऐकला मी. आत भांडी थांबली, म्हणजे तिनंही ऐकला. निघा असं अजून कोणी म्हटलेलं नाही.