पेनड्राइव्हवरची प्रत

मंगळवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलं की आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, कामाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. साफ चूक. आज उघडलं तर आत मजकूर नाहीच, नुसता शॉर्टकट! सहा वर्षं घरातले मोडी कागद वाचून त्यांनी केलेलं लिप्यंतर फक्त या संगणकात आहे, आणि सुरू केला की डिस्कची तपासणी बारा टक्क्यांवर गोठते. अण्णा, थोरला भाऊ ना तो, दर वेळी बटण दाबून बंद करतो. मी ओरडले तर नेहमीसारखं कानडी मिसळून म्हणाला, "स्वल्प दम घे, अक्काबाई! फॉरमॅट करू, सगळं सरी होईल, अगदी ठीक. तुझ्याकडे प्रत आहे ना?"

मी पेनड्राइव्ह मुठीत लपवला. का? लिहिलेलं पुन्हा ताडून बघ, हे अप्पांनीच घरी शिकवलेलं. तरी नुसतं नाव बघून विश्वास ठेवला, मूर्खासारखा!

पुन्हा बारा टक्के. आता मी प्लगच काढलाय. डिस्क शिवाजीनगरला दुरुस्तीला नेण्याआधी अप्पांना खरं सांगायचं, की प्रत झालीच नाही. उद्या, बुधवारी, सकाळीच.