कोटाच्या खिशातलं देवक

प्रिय अक्का,

जिथे बसली असशील तिथेच बसून राहा, उठू नकोस. धाकट्या भावाचा नमस्कार बसल्या जागी घे. दिवसभर राबतेस त्याबद्दल शाबास. घर कसं आहे? केळीची बाग कशी आहे? गुडघा काय म्हणतो? काळी शेळी व्याली का? (उत्तरं तू मनातल्या मनात दिलीस असं मी समजतो, आणि 'आमचंही सगळं बरं आहे' असं तू माझ्यातर्फे समज. समोरासमोर असतो तर एवढ्या विचारपुशीतच चहा थंड झाला असता.) माझी तब्येत ठणठणीत आहे. पाठ, डावा कान आणि झोप एवढं सोडलं तर तक्रार नाही. रेडिओ दुरुस्तीचं दुकानही बरं चाललंय, म्हणजे कंपालातले रेडिओ बिघडतात भरपूर, फक्त लोक ते माझ्याकडे आणत नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुझ्या भाचीला, आपल्या प्रोस्कोव्हियाला, सुईणीचं शिक्षण घ्यायला या शहरातल्या दोन-दोन कॉलेजांनी बोलावलंय. दोन्ही इथलीच, पण एक अलीकडचं आणि एक पलीकडचं. अलीकडचं आमच्या समोरच्याच टेकडीवर आहे. दारात उभं राहून हाक मारली तर पोरगी जेवायला येईल. पलीकडचं शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन टॅक्स्या बदलून, कोंबड्या-बोचकी मांडीवर घेऊन जायचं, आणि वर तिथल्या वसतिगृहातच राहायचं. पोरीला पाहिजे पलीकडचं. मला स्वतःला काही नाही हं अक्का! मी बापडा काय, ती कुठेही शिको. पण बापाने चौकशी करायला नको का?

म्हणून मंगळवारी पांढरा पायघोळ कान्झू घातला, वर लग्नातला काळा कोट चढवला, आणि पोरीला घेऊन निघालो. आधी अलीकडचं. तिथे बाळंतपण शिकवायला एक रबरी बाई ठेवली आहे आणि तिच्या पोटात रबरी बाळ. बाळाचा एक पाय निखळलाय, तो सुतळीने बांधलाय. प्रोस्कोव्हियाने नाक मुरडलं. मी म्हटलं, अगं, असलं बाळ ज्या मुली सुखरूप बाहेर काढतात त्यांना दोन पायांच्या बाळाचं काय अवघड? तिला त्या रबरी कुटुंबापाशी सोडून मी एकटाच प्राचार्यबाईंना भेटायला आत गेलो.

बाई फार मायाळू, पण दूर पश्चिमेकडच्या. आपल्या बुगांडातली कुळं-देवकं त्यांच्या गावी नाहीत. आणि हे दिवस कसले ते तुला सांगायला नको: नोव्हेंबर! सगळं शहर दिव्यांखाली नाकतोडे पकडतंय आणि कांदा घालून तळतंय. बाईंनी बशी पुढे केली. आपलं देवकच, अक्का! पंख काढलेलं, कुरकुरीत, वर मीठ भुरभुरलेलं. दुसरीकडे कुठे हा प्रकार झाला असता तर मी ताडकन उठलो असतो. पण इथे भांडलो असतो तर अलीकडचं कॉलेज हातचं गेलं असतं. बाई म्हणतात घ्या, मी हसतो. बाई म्हणतात लाजताय काय, मी आणखी हसतो. शेवटी त्या कपाटाकडे वळल्या तेव्हा मी बशीतली सगळी मंडळी रुमालात घेतली आणि रुमाल कोटाच्या खिशात कोंबला. खाल्ले नाहीत हं, शपथेवर सांगतो. आपल्या थोरामोठ्यांनी खाऊ नये असं सांगितलंय. खिशाबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. रिकामी बशी बघून बाई एवढ्या खूश झाल्या की पोरीचा प्रवेश तिथल्या तिथे पक्का केला.

तिथून पलीकडचं. टॅक्सीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात झकास कल्पना आली. नाकतोड्यांचे दिवस, म्हणजे पलीकडेही बशी येणारच. आली की उठायचं आणि गरजायचं: 'माझ्या कुळाचं देवक माझ्याच पुढ्यात तळून ठेवता? असल्या ठिकाणी माझी मुलगी पाऊल टाकणार नाही!' याला कोण काय उत्तर देणार? ना तू, ना पोरगी, ना सरकार. मी वाटेत भाषणाची एवढी तालीम केली की शेजारच्या बाईने आपली टोपली उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

पलीकडच्या कॉलेजला स्वतःचं बाळंतिणींचं इस्पितळ आहे. ओसरीभर बायका, रडणारी पोरं, धावणाऱ्या मुली, नुसता गलका. प्रोस्कोव्हियाचे डोळे असे चमकले की मी घाईघाईने कचेरीत शिरलो. तिथे वियानी नावाचा कारकून होता, मिशी अजून येऊ की नको अशा विचारात असलेला पोरगा. पोरीने गुडघे टेकून त्याला नमस्कार केला. आम्ही बसलो. आणि बशी आली! मी घसा खाकरला, उठलो, 'माझ्या कुळाचं...' एवढं म्हटलंही, तोच तो वियानी शिपाईणबाईंवर ओरडला, "अहो, उचला ती बशी आधी! यांचं नाव मुगालुला, कागदावर दिसत नाही का? हे आमच्याच कुळाचे!"

झालं. माझं भाषण तिथेच बुडालं. पण कुळ निघालं म्हटल्यावर पिढ्या सांगाव्याच लागतात. मी माझे बाप-आजे सांगितले, त्याने त्याचे सांगितले, शाखा जुळली, आणि हिशेब असा निघाला, अक्का, की तो पोरगा नात्याने माझा आजोबा लागतो. आजोबा! त्याच्या वयाच्या चपला माझ्याकडे आहेत. खुर्चीत ऐसपैस रेलून तो मला म्हणतो, "बस नातवा, बस. आणि ही आमची पणती का? हिची काळजी करू नको. पणजोबा इथेच आहेत." म्हणजे 'तिथे आपलं असं कोण आहे?' ही माझी ठेवणीतली सबबही गेली. मला दरदरून घाम फुटला. घाम पुसायला मी खिशातून रुमाल ओढला.

पुढचं लिहवत नाही, पण लिहितो. टेबलावर, प्रवेशाच्या कागदांवर, आजोबांच्या चहात आपलं अख्खं देवक सांडलं. नाकतोडा कुळाचा कर्ता पुरुष, आणि कोटात तळलेले नाकतोडे! आजोबांनी चहातला एक चमच्याने बाहेर काढला आणि शांतपणे विचारलं, "नातवा, हे कुठले?" मी तोंड उघडायच्या आत प्रोस्कोव्हिया म्हणाली, "अलीकडच्या कॉलेजातलेच असणार, तिथे तुम्ही एकटेच आत गेला होता. बाबा, तिथे बशी आली तेव्हा तुम्ही का नाही उठलात?" अक्का, रेडिओचा सेल काढावा तसा मी बंद पडलो.

आजोबा नुसते हसले. म्हणाले, मुलीच्या बाबतीत बापाचं कसलं चालतंय, तिच्या आत्याचा शब्द आण. शुक्रवारपर्यंत जागा राखतो. म्हणून हे पत्र. तुझा शब्द दोघांनाही मोडता यायचा नाही, हे तुला माहीतच आहे. तुझं काम मात्र सोपं झालंय, कारण आता भांडणच उरलेलं नाही. घरी आल्यावर पोरगी आपणहून म्हणाली, "बाबा, मी अलीकडेच जाते. मी नसले तर तुम्ही शेंगदाण्याचं कालवणसुद्धा गरम करून घेणार नाही." तेव्हा चार ओळीत लिहून टाक: अलीकडचं. पत्र आणणारा बसचा ड्रायव्हर उद्या परत फिरेल, त्याच्याच हाती उत्तर दे.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
पोन्सियानो

ता. क. कोटाच्या खिशाला तेलाचा डाग पडलाय. त्यावर काही उपाय असला तर कळव. पाकीट डकवण्याआधी एवढंच राहिलं होतं.

ता. क. पाकीट पुन्हा उघडलं. मी जिंकलो ना, अक्का, मग रात्री उकडलेल्या केळ्यांच्या मटोकेचा घास घशाखाली का उतरला नाही कोण जाणे. पोरगी हसून वाढत होती, आणि तेच बघवेना. दारातून समोरची टेकडी दिसत होती, आणि मला ते सुतळीने बांधलेलं रबरी बाळ आठवत राहिलं. हिची आई दुसऱ्या बाळंतपणात कशी गेली ते तू तिथे उभी राहून पाहिलंस. आपल्याला मिळालेली ती सुईणही असल्याच एखाद्या बाहुलीवर शिकली असणार. पोरीने आजवर हे एकदाही तोंडातून काढलं नाही, पण तिला पलीकडचं का हवंय ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

ता. क. वरचं सगळं खोड. शब्द पाठव: पलीकडचं. चांगला कडक पाठव, मला दोन शिव्याही घाल, म्हणजे तिला खरं वाटेल. मी थोडा आरडाओरडा करीन, तो मनावर घेऊ नकोस. पोरीपुढे हार मानणं मला जमत नाही. तुझ्यापुढे लहानपणापासून सवय आहे. आणि काळी शेळी व्याली असेल तर एक करडू याच बसने पाठवून दे. घरात हाक मारायला कुणीतरी हवं.